एक हुकूम, अनेक फायली

मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांना १९६२ साली महाराष्ट्र शासनाची मान्यता मिळाली आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार आपल्या छापील मजकुरातून निघून गेले. परंतु त्यापूर्वी छापलेली पुस्तके आज संगणकावर उतरविली जातात तेव्हा ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ ही जुनी रूपे त्यांच्याबरोबर साहजिकच येतात. समजा, अशा एका जुन्या निबंधसंग्रहाची प्रकरणे निरनिराळ्या फायलींत टंकलिखित होऊन एका फोल्डरमध्ये ठेवलेली आहेत, आणि नवी आवृत्ती नव्या लेखनाप्रमाणे काढावयाची आहे. प्रत्येक फाईल उघडून प्रत्येक शब्द हाताने दुरुस्त करण्यापेक्षा टर्मिनलवर एक लहानशी स्क्रिप्ट लिहावी आणि ‘या सर्व फायलींत जेथे नांव असेल तेथे नाव करावे’ एवढाच हुकूम तिला द्यावा, असे संपादकाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

स्क्रिप्ट क्षणार्धात चालून संपते. पडद्यावर तक्रारीचे एक अक्षरही उमटत नाही. मग फायली उघडून पाहाव्यात तो पहिले प्रकरण हवे तसे दुरुस्त झालेले आहे. दुसऱ्यात काही ठिकाणी दुरुस्ती झाली, पण त्याच ओळीतला पुढचा ‘नांव’ तसाच राहिला. तिसऱ्यात तो शब्द डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही काडीइतका फरक पडलेला नाही. आणि ज्या प्रकरणात तो शब्द मुळातच नव्हता त्याच्याही फायलीवर बदलाची तारीख मात्र आजची पडली आहे. हुकूम एक आणि त्याची अंमलबजावणी चार तऱ्हांची, हे कोडे अशी कामे करणाऱ्या प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभे राहतेच. अशा वेळी स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवून पाहण्याचा मोह होतो. परंतु हा मोह आवरून आपल्या हुकुमाचा प्रवास कोणकोणत्या हातांतून झाला हे प्रथम समजून घेतले, तर चारही प्रकारांची कारणे सापडतात.

जुन्या मामलेदार कचेरीत साहेबांचा हुकूम सुटला की तो थेट गावी पोहोचत नसे. अव्वल कारकून तो वाची, ‘सर्व संबंधित गावे’ असा मोघम उल्लेख असेल तेथे गावांची नावे भरी, आणि मग तो हाताखालच्या कारकुनाकडे सोपवी. तो कारकून साहेबांच्या मनातले नव्हे, तर आपल्या पुढ्यात आलेल्या कागदावरचे तेवढेच अमलात आणी. टर्मिनलवर लिहिलेल्या ओळीची व्यवस्था नेमकी अशीच आहे, आणि दोष शोधावयाचा तर तो कोणत्या मेजावर उत्पन्न झाला हे आधी ठरवावे लागते.

अव्वल कारकुनाचे मेज

आपण टंकलेली ओळ सर्वप्रथम ‘शेल’ या प्रोग्रामच्या हाती पडते. लिनक्सवर हा शेल बहुधा ‘बॅश’ असतो. मॅकवर २०१९ पासून नव्या खात्यांना ‘झेडशेल’ मिळतो. ओळीतील रिकाम्या जागा पाहून तिचे तुकडे करणे, तारकाचिन्ह दिसेल तेथे जुळणाऱ्या फायलींची नावे भरणे, आणि डॉलरचिन्हामागे लिहिलेल्या चलाच्या जागी त्याचे मूल्य घालणे, ही तीन कामे शेल स्वतः उरकतो, आणि त्यानंतरच फायली बदलणाऱ्या साधनाला बोलावतो. त्या साधनाला तारकाचिन्ह कधी दिसतच नाही. त्याच्यापुढे येते ती नावांची तयार यादी.

यातून पहिला घोटाळा उद्भवतो तो नावांतील रिकाम्या जागांचा. फाईलचे नाव ‘प्रकरण ३’ असे दोन शब्दांचे असेल, ते एका चलात ठेवले असेल आणि तो चल स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हांवाचून वापरला असेल, तर बॅश त्या नावाचे दोन तुकडे पाडतो आणि साधनाला ‘प्रकरण’ व ‘३’ अशा दोन फायली शोधावयास पाठवतो. त्या अस्तित्वात नसल्या तर निदान तक्रार तरी उमटते. दुर्दैवाने त्यांपैकी एका नावाची दुसरीच फाईल तेथे असली, तर भलत्याच मजकुरावर शस्त्रक्रिया होते. हे दोष किती महागात पडू शकतात याचा एक सार्वजनिक दाखला आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने आयट्यून्सची २.० ही आवृत्ती प्रसृत केली, तेव्हा तिच्या प्रतिष्ठापनेच्या स्क्रिप्टमध्ये जुनी आवृत्ती पुसून टाकणाऱ्या ओळीतली अवतरणचिन्हे राहून गेली होती. ज्यांच्या डिस्कच्या नावांत रिकामी जागा होती अशा काही ग्राहकांचा सगळा साठाच त्यामुळे पुसला गेला, आणि कंपनीला ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन २.०.१ काढावी लागली. चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालण्याची सवय ही म्हणूनच केवळ शिस्तीची बाब नव्हे.

दुसरा घोटाळा यादीच्या व्याप्तीचा. तारकाचिन्ह चालू फोल्डरपुरतेच पाहते. उपफोल्डरांत ते स्वतःहून उतरत नाही, आणि ज्यांच्या नावाचा आरंभ टिंबाने होतो अशा फायली ते वगळते. एकही नाव जुळले नाही तर बॅश ते तारकाचिन्ह जसेच्या तसे पुढे पाठवतो आणि साधन ‘या नावाची फाईल नाही’ असे म्हणते; झेडशेल मात्र तेथेच थांबून काम नाकारतो. एकच स्क्रिप्ट दोन संगणकांवर निरनिराळी वागण्याचे हे एक कारण होय.

तिसरी गोष्ट अवतरणचिन्हांच्या जातीची. एकेरी अवतरणांतील मजकुराला शेल हात लावत नाही. दुहेरी अवतरणांतील डॉलरचिन्हाचा मात्र तो अर्थ लावतो. बदलावयाचा मजकूर एकेरी अवतरणांत लिहिणे हे सामान्यतः सुरक्षित. पण त्यातच एखाद्या चलाचे मूल्य घालावयाचे असेल, तर तेवढ्यापुरता दुहेरी अवतरणांचा आश्रय घ्यावा लागतो.

शेलच्या मेजावर काय घडले हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. फायली बदलणाऱ्या हुकुमाऐवजी नावे छापणारा हुकूम घालावा, आणि प्रत्येक नाव चौकटी कंसात स्वतंत्र ओळीवर छापावे. नाव कोठे तुटले ते कंसच दाखवून देतात. त्याखेरीज बॅशमध्ये ‘सेट’ या हुकुमाला वजाचिन्ह लावून ‘एक्स’ दिला की प्रत्येक ओळ सर्व अर्थ लावून झाल्यावर, प्रत्यक्ष चालविण्याच्या क्षणी, पडद्यावर उमटते. आपण लिहिलेली ओळ आणि साधनाला मिळालेली ओळ यांची रुजवात तेथेच घालता येते, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक तपास या एका तुलनेतच संपतो.

एका वेळी एक ओळ वाचणारा कारकून

फायलींतील मजकूर बदलण्याच्या कामी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे ‘सेड’. बेल लॅबोरेटरीजमधील ली मॅकमहॉन यांनी १९७३-७४ मध्ये ते रचले, आणि मजकूर ओळीओळीने वाचून, प्रत्येक ओळीवर आपले नियम लावून, ती पुढे सरकविण्याची त्याची कार्यपद्धती आजतागायत कायम आहे.

या पद्धतीतच दुसऱ्या प्रकरणाचे उत्तर आहे. ‘नांव’च्या जागी ‘नाव’ घाला असे सेडला सांगितले असता ते प्रत्येक ओळीतील पहिलाच ‘नांव’ बदलते. त्याच ओळीतील सर्व बदलावयाचे असतील तर हुकुमाच्या शेवटी ‘जी’ हे अक्षर जोडावे लागते. एका ओळीत तो शब्द एकदाच येत होता म्हणून पहिले प्रकरण सुधारले. दुसऱ्यात दोनदा येत होता म्हणून अर्धवट राहिले. त्याच पद्धतीचा दुसरा परिणाम असा की, दोन शब्दांचा समूह शोधावयाचा असेल आणि नेमका पहिला शब्द ओळीच्या शेवटी व दुसरा पुढील ओळीच्या आरंभी पडला असेल, तर सेडला तो समूह दिसत नाही, कारण त्या दोन ओळी त्याच्यापुढे एकत्र कधी आलेल्याच नसतात.

शिवाय काही चिन्हांना सेडच्या दरबारी विशेष अर्थ आहे. शोधावयाच्या मजकुरातील टिंब म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’; म्हणून ‘इ.स.’ शोधू गेल्यास ‘इ’ आणि ‘स’ यांच्या मध्ये व नंतर काहीही असलेली रूपेही सापडतात. तिरकी रेघ ही हुकुमाचे भाग पाडणारी खूण असल्याने ‘१२/३/५६’ अशी तारीख त्यात लिहिली की हुकूमच मोडतो. आणि बदली मजकुरातील ‘&’ या चिन्हाचा अर्थ ‘जे सापडले ते पुन्हा येथे लिही’ असा होतो. या चिन्हांना त्यांच्या साध्या अर्थाने वापरावयाचे तर त्यांच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

नियमांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी ‘कांही’चे ‘काही’ करावे आणि नंतर ‘कांहीं’चे ‘काही’ करावे असे दोन नियम लिहिले, तर दुसऱ्या नियमाला करण्यासारखे काही उरतच नाही: पहिल्या नियमाने ‘कांहीं’च्या पोटातला ‘कांही’ आधीच बदललेला असतो, आणि ‘काहीं’ हे जुनेही नव्हे व नवेही नव्हे असे रूप मजकुरात राहून जाते. लांब रूप आधी आणि आखूड रूप नंतर, हा क्रम येथे पाळलाच पाहिजे.

दिसणारे अक्षर आणि साठविलेले अक्षर

तिसऱ्या प्रकरणाचे कोडे सर्वांत अवघड, कारण तेथे आपले डोळेच साक्ष देतात की शब्द आहे. परंतु सेड डोळ्यांनी वाचत नाही; फाईलमध्ये आकड्यांच्या रूपाने जे साठविलेले असते त्याच्याशी ते आपला नमुना ताडून पाहते, आणि पडद्यावर सारखीच दिसणारी दोन रूपे आकड्यांत पूर्णतः भिन्न असू शकतात.

पहिली शक्यता ही की ती फाईल युनिकोडमध्ये नाहीच. मराठी मुद्रणव्यवसायात युनिकोडपूर्वी, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, अशा फाँटांचा वापर झाला की ज्यांत रोमन अक्षरांचेच क्रमांक घेऊन त्यांना देवनागरी तुकड्यांचे आकार चढविलेले असत. तो विशिष्ट फाँट असेपर्यंत मजकूर मराठी दिसतो; फाँट काढून घेतला की खाली रोमन अक्षरांचा निरर्थक कल्लोळ उरतो. तेथे ‘नांव’ शोधणे व्यर्थ आहे. आधी रूपांतर, मगच दुरुस्ती. दुसरी शक्यता ही की फाईल युनिकोडमध्ये आहे, परंतु यूटीएफ-८ ऐवजी यूटीएफ-१६ या पद्धतीने साठविलेली आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून चार चिन्हांचा ‘नांव’ हा शब्द बारा बाइटांचा होतो. यूटीएफ-१६ मध्ये तोच शब्द आठ बाइटांचा. बारा बाइटांचा नमुना आठ बाइटांच्या मजकुरात कसा सापडणार?

तिसरी शक्यता ओळीच्या अंताची. विंडोजवर तयार झालेल्या फायलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, लिनक्स व मॅकवर एकच. ‘ओळीच्या शेवटी जो पूर्णविराम असेल तो’ असा नमुना लिहिला, तर विंडोजच्या फायलीत तो जुळत नाही, कारण पूर्णविरामानंतर एक अदृश्य चिन्ह अद्याप शिल्लक असते. फाईलच्या अगदी आरंभी कधीकधी तीन बाइटांची एक ओळखखूण घातलेली असते, आणि तिच्यामुळे ‘पहिल्या ओळीच्या आरंभी’ असे म्हणणारा नमुना याच रीतीने फसतो.

चौकट: एक ‘ऱ्या’, तीन लेखने

मराठीचे काम करणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे असे एक प्रकरण ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘बिऱ्हाड’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’चे आहे. युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. त्याला हलन्त जोडून हा आकार साधतो. साधा ‘र’ (०९३०) घेऊन त्याखाली नुक्ता (०९३सी) व मग हलन्त दिला तरी तोच आकार दिसतो. आणि साधा ‘र’, हलन्त व त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह (शून्य रुंदीचे, क्रमांक २००डी) घातले तरीही पडद्यावर तोच आकार उमटतो. निरनिराळे कळफलक यांपैकी निरनिराळे लेखन करतात. पहिली दोन लेखने परस्परांशी समतुल्य आहेत असे युनिकोड मानते, आणि ‘सामान्यीकरण’ या प्रक्रियेने ती एकरूप करता येतात. तिसरे मात्र त्या प्रक्रियेने बदलत नाही, त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो.

या सर्व शंकांचे निरसन करण्याचा उपाय एकच: अक्षरांऐवजी बाइट पाहणे. ‘फाईल’ नावाचाच एक हुकूम कोणती फाईल कोणत्या पद्धतीने साठविली आहे याचा अंदाज सांगतो. आणि ‘ओडी’ हे युनिक्सच्या आरंभकाळापासूनचे साधन एखाद्या ओळीतील प्रत्येक बाइट उघडा करून दाखवते. ज्या ओळीत शब्द दिसतो पण सापडत नाही, ती एकच ओळ वेगळी काढून ओडीपुढे ठेवावी, शेजारी आपण स्वतः टंकलेला तोच शब्द ठेवावा, आणि दोहोंचे आकडे ताडून पाहावेत.

अंकांच्या बाबतीतही हेच. ‘शून्य ते नऊ’ असा इंग्रजी अंकांचा गट लिहिला, तर देवनागरी १९५६ त्यात बसत नाही. उलट देवनागरी अंकांचा गट लिहिला आणि स्क्रिप्ट ज्या परिस्थितीत चालते तेथे भाषेची नोंद नसली, तर सेड प्रत्येक बाइटाला स्वतंत्र अक्षर समजते, त्या गटाचा अर्थ सुट्या बाइटांचा होतो, आणि बदल होताना देवनागरी अक्षरेच मधून कापली जातात. हाताने चालविलेली स्क्रिप्ट नीट वागते आणि तीच रात्री ठराविक वेळी आपोआप चालविली की मजकुरात निरर्थक चौकोन उमटतात, असे दिसले तर प्रथम या नोंदीची चौकशी करावी. वेळापत्रकाने चालणाऱ्या कामांना आपल्या टर्मिनलातील परिस्थिती बहुधा लाभत नाही.

फाईल बदलते म्हणजे काय होते

सेडचा मूळ स्वभाव मजकूर वाचून त्याचे सुधारलेले रूप पडद्यावर धाडण्याचा आहे. अस्सल फाईल तशीच राहते. तेव्हा ते सुधारलेले रूप त्याच फाईलकडे वळवावे, असे कोणालाही सुचते, आणि येथेच सर्वांत मोठी हानी होते. मजकूर एखाद्या फाईलकडे वळविण्याचे काम सेडचे नव्हे, शेलचे. आणि शेल सेडला बोलावण्यापूर्वीच ती फाईल लिहिण्यासाठी उघडून कोरी करतो. सेड वाचू लागते तेव्हा तेथे वाचण्यासारखे काहीही शिल्लक नसते. दोष कोणत्याही शब्दात नसून क्रमात असतो, आणि म्हणूनच हुकूम कितीही वेळा वाचून पाहिला तरी तो डोळ्यांत भरत नाही.

यावर तोडगा म्हणून सेडच्या पुढील आवृत्त्यांत ‘आय’ हा पर्याय आला. त्यात सेड सुधारलेला मजकूर एका तात्पुरत्या फाईलमध्ये लिहिते आणि शेवटी तिलाच मूळ नाव देते. शब्द सापडो वा न सापडो, ही अदलाबदल प्रत्येक फाईलची होते. म्हणून ज्या प्रकरणात ‘नांव’ नव्हते त्यावरही आजची तारीख पडली. ते टाळावयाचे तर आधी ‘ग्रेप’ या शोधसाधनाने शब्द असलेल्या फायलींचीच यादी काढावी आणि तेवढ्याच सेडकडे सोपवाव्यात. या पर्यायाच्या बाबतीत मॅक आणि लिनक्स यांच्यात मतभेदही आहे: मॅकवरील सेड ‘आय’च्या पुढे राखीव नकलेचे उपनाम मागतेच, आणि ते दिले नाही तर पुढे आलेल्या बदलाच्या नियमालाच उपनाम समजून फाईलच्या नावाला हुकूम मानते, त्यामुळे तेथे जी तक्रार उमटते तिचा मूळ चुकीशी काही संबंध आहे असे वाचून वाटतच नाही.

तपासाची रीत

काम आरंभण्यापूर्वी सगळ्या फोल्डरची नक्कल करावी, किंवा ते ‘गिट’च्या देखरेखीखाली ठेवावे, अस्सलावर प्रयोग करू नये, हे दप्तराच्या कामात मुरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही, पण टर्मिनलवर सांगावे लागते, कारण तेथे केलेला बदल मागे घेण्याची सोय मुळात नसते. मग जी फाईल बिघडली तेवढीच घ्यावी, तिच्यातील बिघडलेली ओळ तेवढीच काढावी, आणि स्क्रिप्टचा एकच नियम तिच्यावर चालवावा. नियम एका ओळीवर बरोबर चालला तर दोष यादीत किंवा क्रमात आहे; तेथेही चुकला तर तो नमुन्यात किंवा साठवणुकीत आहे. एवढी विभागणी झाली की वर सांगितलेल्या मेजांपैकी कोणते तपासावयाचे ते आपोआप ठरते. शेवटी ‘डिफ’ने जुन्या व नव्या नकलांतील बदललेल्या ओळी समोरासमोर मांडाव्यात, आणि स्क्रिप्ट दुसऱ्यांदाही चालवून पाहावी: दुसऱ्या खेपेस एकही ओळ बदलता कामा नये. बदलत असेल, तर एखादा नियम आपल्याच उत्पन्नावर पुन्हा लागू होतो आहे.

हुकूम बरोबर, परिणाम चूक

इतके सर्व निर्वेध पार पडल्यावरही एक प्रकारचा दोष उरतो, आणि तो यंत्राच्या कोणत्याच मेजावर सापडत नाही. ‘पांच’चे ‘पाच’ करावे हा नियम निर्दोष दिसतो. ‘पांचवा’, ‘पांचशे’, ‘पांचांनी’ ही रूपे त्याने योग्य रीतीने सुधारतात. परंतु त्याच नियमाने द्रौपदी ‘पाचाली’ होते, श्रीकृष्णाचा शंख ‘पाचजन्य’ होतो, आणि ‘पांचट विनोद’ या शब्दप्रयोगात उसाचा वाळलेला पाला येऊन बसतो. सुटा शब्द असेल तरच बदलावा असे बंधन घालता येते. पण मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटूनच येतात, म्हणून त्या बंधनाने ‘पांचांनी’ दुरुस्त व्हावयाचे राहून जाते. शिवाय ते बंधनही नेहमी भरवशाचे नाही: पायथॉनमधील नमुने शोधण्याची नेहमीची व्यवस्था मात्रांना अक्षर मानीत नाही, त्यामुळे ‘पांचाली’तील ‘च’च्या मागे काना आला की तेथेच शब्द संपला असे ती समजते, आणि ‘पांचट’ व ‘पांचजन्य’ बचावले तरी ‘पांचाली’ बचावत नाही.

या ठिकाणी मला एकच मार्ग प्रशस्त वाटतो. बदल करण्यापूर्वी ग्रेपला फक्त जुळणारे शब्द, त्यांच्या प्रत्ययांसह, बाहेर काढावयास सांगावे. ते ‘सॉर्ट’ने अनुक्रमे लावावेत आणि ‘युनिक’ने पुनरावृत्ती गाळून प्रत्येकापुढे संख्या घालावी. शेकडो पृष्ठांतील ‘पांच’ने आरंभ होणारी निरनिराळी रूपे एका लहानशा यादीत मावतात, आणि ती यादी मराठी जाणणाऱ्या माणसाने वाचून त्यातून ‘पांचाल’, ‘पांचाली’, ‘पांचजन्य’, ‘पांचभौतिक’ आणि ‘पांचट’ यांवर काट मारावी. उरलेल्या रूपांचे नियम, सुटा शब्द असेल तरच बदलावा या बंधनासह आणि लांब रूप आधी या क्रमाने, स्क्रिप्टमध्ये एकाखाली एक लिहावेत, आणि मगच ती सर्व प्रकरणांवर सोडावी.